महानगरातला मुक्काम आणि भाड्याचे गणित

एकेकाळी मुंबईला जायचे म्हणजे गाडीभाड्याची तजवीज करावी लागे. मुक्कामाचा प्रश्न एका पोस्टकार्डाने सुटत असे. "बुधवारी पहाटेच्या गाडीने येत आहे" एवढे गिरगावच्या, दादरच्या किंवा लालबागच्या नातलगाला कळवले की काम झाले. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सातजण झोपत असले तरी आठव्याची पथारी कोठेतरी पडे, आणि पडली नाही तर चाळीची गॅलरी होतीच. ही व्यवस्था सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. पण ती होती, आणि तिच्या आधारावर जिल्ह्याजिल्ह्यातली माणसे मुलाखतींना, परीक्षांना, इस्पितळांत आणि सचिवालयात येऊन आपापली कामे उरकून परत जात होती.

आज तो नातलग चाळीत राहिलेला नाही. चाळीच्या जागी मनोरा उभा राहिला आणि नातलग बदलापूरला किंवा विरारला गेला. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको दोघेही पहाटे डबा घेऊन निघतात आणि रात्री नऊला परततात. त्यांच्याकडे उतरणे हे त्यांच्यावर संकट, आणि रोज साठ-पासष्ट किलोमीटर आत-बाहेर करायचे हे पाहुण्यावर संकट. म्हणून ज्या वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या हॉटेलची पायरी चढली नव्हती, तो शिक्षकांचा, कारकुनांचा आणि विद्यार्थ्यांचा वर्ग आता महानगरात खोली शोधू लागला आहे. हे लोक मौजेसाठी येत नाहीत. कोणाच्या निवृत्तिवेतनाची फाईल अडलेली असते, कोणाची सुनावणी असते, कोणाच्या मुलीची प्रवेशपरीक्षा असते, आणि कित्येकांना परळच्या टाटा रुग्णालयाची तारीख मिळालेली असते. अशा माणसाला दोन रात्रींचे भाडे पाचशे रुपयांनी जास्त पडले तर त्याचा महिना बिघडतो. मुक्कामाची जागा कशी निवडावी, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने चैनीचा नसून हिशेबाचा आहे.

जुन्या मुंबईला या प्रश्नाची जाण होती. पुण्याहून मुंबईस आले की लोकमान्य टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान झाले तेही तेथेच. सरदारगृह हा काही राजवाडा नव्हता. मराठी माणसाला परवडेल, रुचेल असे जेवण आणि स्थानकाजवळची खोली देणारे ते एक उतरण्याचे ठिकाण होते. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले ते समुद्राकाठी. सरदारगृहासारखी ठिकाणे स्थानकाच्या आणि बाजाराच्या आसपास वाढली, कारण त्यांचे गिऱ्हाईक पायी येणारे होते. सी. पी. टँक आणि माधवबाग परिसरातल्या धर्मशाळा याच न्यायाने वसल्या.

याहूनही नामी होती ती गावकीची व्यवस्था. गोव्यातल्या गावांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापले 'कूड' स्थापन केले. गावातला माणूस बोटीवर नोकरीला निघाला वा बोटीवरून परतला, की आपल्या गावाच्या कुडात जाऊन पेटी ठेवी, रात्री सामुदायिक प्रार्थनेला बसे आणि नाममात्र वर्गणीत महिनामहिना काढी. गिरणगावात कोकणच्या आणि घाटावरच्या गावांचे गाळे होते. पाळीपाळीने कामाला जाणारे गिरणी-कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळवाल्या बाईकडे जेवत, आणि गावाकडून कोणी चार दिवसांसाठी आला तर त्यालाही सामावून घेत. अंतर, भाडे आणि ओळख या तिन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी सुटलेल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर अनेक गाळेही गेले. काही कूड आणि काही गावखोल्या अजून तग धरून आहेत. पण ज्या फिनिक्स मिलच्या भोंग्यावर परळचे गाळे जागे होत, तिच्या आवारात आज पंचतारांकित हॉटेल उभे आहे. या बदलावर अश्रू ढाळून उपयोग नाही, हे खरे. तरी गावकीचे छप्पर गेले आणि त्याच्या जागी माणूस एकटाच बाजारात उभा राहिला, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही.

भाव कशाचा?

बाजारात एकट्याने उभ्या राहिलेल्या माणसाची पहिली चूक ही असते, की तो खोलीच्या भाड्याला मुक्कामाचा खर्च समजतो. समजा, मराठवाड्यातल्या एका शाळेचे दोन शिक्षक मंत्रालयातल्या कामासाठी दोन दिवस मुंबईत येत आहेत. पनवेलला त्यांना अकराशे रुपयांना खोली मिळते आणि फोर्टमध्ये तशीच खोली सतराशेला. फरक सहाशे रुपयांचा. पण खोलीत दोघे असल्याने माणशी तीनशेचा. पनवेलहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. स्थानकापर्यंतची रिक्षा, गाडीची वाट पाहणे आणि पुढे मंत्रालयापर्यंतची वाट धरली, तर जाऊन-येऊन रोजचे चार तास जातात. सकाळी साडेदहाला ज्या अधिकाऱ्याला गाठायचे तो अकराला बैठकीस निघून गेला, की तीनशे रुपये वाचवण्याच्या नादात आणखी एक दिवस आणि आणखी एका रात्रीचे भाडे पदरी पडते. फोर्टात उतरलेला माणूस मात्र पायी जातो, दुपारी खोलीवर येऊन कागद नीट लावतो आणि चारला पुन्हा जातो. कोणती खोली स्वस्त, हे दारावरच्या दरपत्रकावरून ठरत नाही.

याचा अर्थ दूरची खोली नेहमीच महाग पडते असा मात्र नव्हे. ज्याला दिवसातून एकदाच, तेही गर्दी ओसरल्यावर शहरात जायचे आहे, किंवा ज्याला आठवडाभर अभ्यासच करायचा आहे, त्याने फोर्टात पैसे घालणे हा वेडेपणा ठरेल. काम कोठे आहे, किती वेळा आहे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी आहे, हे आधी ठरवावे आणि मग नकाशा उघडावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात. आधी स्वस्त खोली धरतात आणि मग कामाचा रस्ता शोधू लागतात.

मुंबईचा नकाशा तर विशेष फसवा आहे. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि त्याचे रेल्वेमार्गही दक्षिणोत्तरच धावतात. त्यामुळे दहा कोस उत्तरेकडचे ठिकाण जवळ असू शकते आणि तीन किलोमीटर पूर्वेकडचे लांब. घाटकोपर आणि अंधेरी ही दोन उपनगरे नकाशावर शेजारी दिसत असली, तरी ८ जून २०१४ रोजी पहिली मेट्रो सुरू होईपर्यंत त्यांच्यामधला प्रवास हा अर्धी रजा खाणारा प्रकार होता. आता तेच साडेअकरा किलोमीटरांच्या आतले अंतर वीस-बावीस मिनिटांत तुटते. तेव्हा "स्थानकापासून एक किलोमीटर" अशी जाहिरात वाचली, की कोणत्या मार्गावरचे स्थानक आणि रुळांच्या कोणत्या बाजूस, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. रुळांच्या पलीकडे असलेले लॉज नकाशावर हाताच्या अंतरावर दिसते आणि प्रत्यक्षात पूल चढून, उतरून, वळसा घालून सामानासह अर्ध्या तासावर निघते. 'मुंबई' या नावाखाली पनवेल, कळवा, वसई काहीही खपवले जाते हे निराळेच. तसेच "विमानतळाजवळ" या शब्दांचेही. सांताक्रूझकडचे पहिले टर्मिनल आणि सहारचे दुसरे यांतले अंतरच पायी जाण्याजोगे नाही, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ तर खाडीपलीकडे आहे.

दादरची महती मुंबईकराला सांगावी लागत नाही. पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग तेथे भेटतात, पुण्या-नाशकाच्या बहुतेक गाड्या तेथे थांबतात, आणि रात्री अकरालाही भाजी-चपाती मिळण्याची आशा असते. म्हणूनच दादरच्या लॉजांचे भाडे त्यांच्या गाद्यांच्या मानाने चढेच असते. ज्याची कामे दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहेत त्याने ते द्यावे. ज्याचे काम एकाच ठिकाणी आहे त्याने दादरच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. मुंबईची गर्दी दिशा पाळते. सकाळी ती उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, संध्याकाळी परत जाते. फोर्टात किंवा ग्रँट रोडला उतरून ज्याला सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलात वा अंधेरीला मुलाखतीस जायचे आहे, तो गर्दीच्या उलट दिशेने बऱ्यापैकी रिकाम्या डब्यातून इस्त्रीच्या कपड्यांनिशी पोचतो. तोच उमेदवार ठाण्याला उतरून चर्चगेटला निघाला, तर मुलाखतीआधीच त्याची परीक्षा होऊन जाते. रात्रीचाही विचार करावा. लोकलगाड्या रात्री एकच्या सुमारास थांबतात त्या पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात. ऑटोरिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस येत नाहीत. तेथे टॅक्सीच करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दरवाढीने रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये झाले. फरक पाचच रुपयांचा दिसतो, पण दूरच्या रात्रीच्या प्रवासात तो चांगलाच वाढतो.

गाडी कोठे थांबते याकडेही दुर्लक्ष होते. उत्तर भारताकडच्या आणि दक्षिणेकडच्या कित्येक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर येतात. तेथे पहाटे उतरणाऱ्याला टॅक्सीवाला प्रथम कुर्ल्याचे वा शीवचे नाव घेतो. हार्बरचे टिळकनगर स्थानक तेथून जवळ आहे, ही माहिती मात्र कोणी आपण होऊन देत नाही. परतीची गाडी पहाटेची असेल तर शेवटच्या रात्रीपुरती खोली टर्मिनसजवळ बदलणेही पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

गेल्या काही वर्षांत या साऱ्या गणितात एक नवी संख्या आली आहे. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके, भाडे दहा ते सत्तर रुपये. विधान भवन, हुतात्मा चौक, गिरगाव, मुंबई सेंट्रल, सिद्धिविनायक, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल, विद्यानगरी, दोन्ही विमानतळ-टर्मिनल, मरोळ नाका अशी ती जाते, आणि मरोळ नाक्यावर घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते. लोकलच्या मानाने तिचे तिकीट महाग आहे यात शंका नाही. तथापि मरोळ, अंधेरी पूर्व या भागांत, जेथे मध्यम दराच्या खोल्या पुष्कळ आहेत, तेथे उतरून थेट मंत्रालयाच्या दारापर्यंत किंवा विद्यानगरीच्या विद्यापीठ-संकुलापर्यंत धक्के न खाता जाता येऊ लागले. पूर्वी जी खोली "लांब" म्हणून टाकून द्यावी लागे ती आता विचारात घेण्याजोगी झाली. हॉटेलवाल्यांच्याही हे ध्यानात येईल आणि स्थानकालगतची भाडी चढतील. पण नव्या मार्गाजवळच्या जागांचा लाभ तोवर उठवण्यास हरकत नाही.

पडद्यावरचा दर

खोली शोधण्याचे काम आता बहुधा मोबाईलच्या पडद्यावर होते. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी स्थानकाबाहेर दलाल हात धरून नेत असे, त्या मानाने घरबसल्या शंभर खोल्या पाहता येणे हा मोठाच लाभ आहे. पण दलाल गेला या भ्रमात कोणी राहू नये. तो पडद्यामागे जाऊन बसला आहे, एवढेच. "शेवटची एकच खोली शिल्लक", "आत्ताच चौदाजण ही खोली पाहत आहेत" ही त्याची जुनीच आरोळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी केली. खोटी घाई दाखवणे, आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवत नेणे, न मागितलेली वस्तू हिशेबात घुसवणे, या त्यांतल्याच. नियम झाले, तरी बाराशेची खोली पैसे भरण्याच्या क्षणी साडेचौदाशेची होण्याचा अनुभव काही दुर्मिळ झालेला नाही. भावांची तुलना करायचीच तर पहिल्या आकड्यांची करू नये. सर्व आकार धरून आलेल्या शेवटच्या आकड्यांची करावी.

कराचाही हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात गरिबाच्या खोलीची परवड स्पष्ट दिसते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दिवसाला हजार रुपयांखालच्या खोलीला तो माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ही माफी काढून घेण्यात आली आणि नऊशे रुपयांच्या खोलीवर एकशे आठ रुपये कर बसला. म्हणजे सात हजारांच्या खोलीत राहणारा आणि नऊशेच्या खोलीत राहणारा यांना एकाच बारा टक्क्यांच्या पंक्तीला बसवण्यात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा दर पाच टक्के झाला, तेव्हा त्याच खोलीचा कर पंचेचाळीस रुपयांवर आला. हा दिलासा स्वागतार्हच आहे. पण पंगत अद्याप एकच आहे, आणि हजारांखालच्या खोलीची जुनी माफी परत आलेली नाही. जुन्या बारा टक्क्यांनी बिल करणारा कोणी भेटला, तर ते मुकाट्याने भरू नये.

पडद्यावरच्या दरापेक्षा प्रत्यक्ष हॉटेलवाल्याकडून कमी दर मिळू शकतो का, असे अनेकजण विचारतात. पुष्कळदा मिळतो. मध्यस्थ संस्था प्रत्येक आरक्षणावर हॉटेलकडून दलाली घेतात. ती वाचत असेल तर तिचा काही भाग गिऱ्हाइकाला सोडण्यास मालक तयार असतो, विशेषतः दोन-तीन रात्रींचा मुक्काम असेल तेव्हा. पण मध्यस्थांनी हॉटेलांशी असे करार केले होते की इतरत्र, अगदी स्वतःच्या दारातही, त्याहून कमी दराने खोली द्यायची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात अशा अटी दूर करण्यास सांगितले, आणि मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी व ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सामान्य प्रवाशाने या प्रकरणातून घ्यायचे ते इतकेच, की पडद्यावर खोली पाहावी, नाव आणि दूरध्वनी टिपून घ्यावा आणि सरळ हॉटेलला विचारावे. विचारायला मराठी माणूस संकोचतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ हॉटेलच्या टेबलाशी गेला की एकदम साहेब होतो, हे एक कोडेच आहे.

दूरध्वनी करण्याचा दुसराही लाभ आहे. "पैसे हॉटेलवर द्या" या पद्धतीने केलेले आरक्षण घेऊन माणूस मध्यरात्री पोचतो आणि खोली दुसऱ्याला दिलेली असते, असे घडते. निघण्याआधी एकदा बोलून, पोचण्याची वेळ सांगून ठेवलेली बरी. सकाळी सहाला गाडी येते आणि खोली दुपारी बाराला मिळते, हाही घोटाळा नेहमीचा. काही लॉजे चोवीस तासांचा हिशेब धरतात, काही दुपारी बारा ते बारा असा. पहाटे येणाऱ्याला चोवीस तासांची खोली शंभर-दोनशेने महाग असली तरी स्वस्त पडते. पैसे परत न मिळणारे आरक्षण नेहमी कमी दराचे असते. पण ज्याचे काम सरकारी कचेरीत किंवा न्यायालयात आहे त्याने त्या मोहात पडू नये, कारण तेथील तारखा आपल्या सोयीने ठरत नाहीत.

दर ठरतो तो तिथीवारानेही. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी-मरोळ येथली हॉटेले कचेऱ्यांच्या गिऱ्हाइकावर जगतात. शनिवार-रविवारी ती पुष्कळदा स्वस्त होतात. पर्यटनाच्या गावी नेमके उलट. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे कार्यक्रम नेरूळच्या मैदानावर झाले तेव्हा नवी मुंबईतली भाडी अवाच्या सवा चढली. त्या दिवसांत वाशीला कामासाठी गेलेल्या कारकुनाला त्या संगीताशी काही देणेघेणे नव्हते, पण त्याची किंमत त्यालाही चुकवावी लागली. ६ डिसेंबरच्या मागेपुढे दादरला आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला खोली शोधायला निघणे म्हणजे भर पावसात छत्री विकत घ्यायला निघण्यासारखे आहे. परीक्षेची वा सुनावणीची तारीख कळताच पहिल्या दिवशी खोली धरावी, नंतर हवी तर सोडता येते.

खोली नाकारण्याचे प्रकार

पैसे असूनही खोली मिळत नाही, असा एक निराळाच वर्ग आहे. एकट्या स्त्रीला अनेक लॉजांत अजूनही नाना प्रश्न विचारले जातात, आणि मग खोली रिकामी नसल्याचे सांगितले जाते. ओळखपत्रावर त्याच शहराचा पत्ता असेल तर खोली द्यायची नाही, असाही काहींचा शिरस्ता आहे. हा कायद्याचा भाग नाही, मालकांच्या भीतीचा आणि सोयीचा आहे. लातूरहून परीक्षेला आलेल्या मुलीला रात्री दहाला दारातून परत पाठवले तर ती जाईल कोठे, याचा विचार करणे कोणाच्याच कामाचा भाग समजला जात नाही. तिच्यापुरते तरी खोलीचे भाडे हा दुय्यम मुद्दा आहे. स्थानकापासून दारापर्यंतचा रस्ता रात्री चालता असतो का, टेबलाशी रात्रभर माणूस असतो का, खोलीला आतून नीट कडी आहे का, हे आधी येऊन गेलेल्या स्त्रियांच्या अभिप्रायांत शोधावे. छायाचित्रांतल्या पडद्यांवर आणि उशांवर जाऊ नये.

दिल्लीची गोष्ट मुंबईहून थोडी वेगळी आहे, आणि संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी मुलांना तिचा उपयोग होईल. नवी दिल्ली स्थानकाबाहेर पहाडगंजच्या बाजूस लहान हॉटेलांची दाटी आहे. दर कमी, गोंगाट भरपूर. "तुमचे हॉटेल बंद झाले, दुसरीकडे नेतो" असे सांगणारे रिक्षावाले तेथे जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत, त्यांच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणे हेच उत्तम. पण त्या शहरात मेट्रोचे जाळे असे पसरले आहे की स्थानकाला चिकटून राहण्याची गरजच उरलेली नाही. निळ्या मार्गिकेवरच्या करोलबागेत उतरले तर जुन्या राजेंद्रनगरचे अभ्यासवर्ग जवळ पडतात आणि एकदोनदा गाडी बदलून आयोगाच्या कार्यालयाशेजारचे खान मार्केट स्थानक गाठता येते. रेल्वे कोठे उतरवते यापेक्षा मेट्रो कोठे पोचवते, हे तेथे पाहावे लागते.

सार्वजनिक सोयी अगदीच नाहीत असे नाही. मोठ्या स्थानकांवरचे विश्रामकक्ष आणि तेथल्या सामुदायिक खोल्यांतले पलंग हे अजूनही सर्वांत स्वस्त आणि सोयीचे ठिकाण आहे. पक्के किंवा आरएसी तिकीट असलेल्या प्रवाशाला ते त्याच्या तिकिटाच्या क्रमांकावर आधी राखून ठेवता येतात. पण पलंग मोजके आणि मागणी अफाट, त्यामुळे ही सोय ज्याला ठाऊक असते त्यालाच बहुधा मिळते. मुंबई सेंट्रलला १७ नोव्हेंबर २०२१ रोजी कप्प्याकप्प्यांचे 'पॉड' हॉटेल निघाले. अठ्ठेचाळीस कप्पे, प्रारंभीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. स्वच्छ आहे, थंडगार आहे, पण एका पलंगाच्या जागेला हजार रुपये ही सामान्यांची सोय कशी म्हणावी? आमदार निवासातली खोली हा ग्रामीण महाराष्ट्राचा आणखी एक जुना आसरा. पत्र मिळवण्यासाठी कार्यकर्त्याची मनधरणी करावी लागते, आणि मनोरा आमदार निवासाची जुनी इमारत पाडल्यापासून तोही आसरा आटला. वास्तविक मंत्रालयात खेटे घालणाऱ्यांची निम्मी कामे जिल्ह्याच्या ठिकाणीच उरकायला हवीत. ती तेथे उरकत नाहीत, मग त्यांच्यासाठी निवाऱ्याची सोय करणे सरकारचेच काम ठरते.

सर्वांत बिकट अवस्था रुग्णांच्या नातलगांची. विद्यार्थ्याची परीक्षा एका दिवसात संपते, कारकुनाची सुनावणी पुढच्या महिन्यावर जाते. टाटा रुग्णालयातला उपचार महिनेनुमहिने चालतो, आणि तेथे रुग्णाला चालवत आणायचे असल्याने अंतराचे गणित सर्वांत कठोर होते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे हे ओझे वाहत आहेत. त्यांच्याकडे नाव नोंदवायचे ते रुग्णालयाचे कागद हाती येताच, तोही पहिल्याच दिवशी, हे गावाकडून निघणाऱ्याला तेथल्या डॉक्टरांनी सांगितले पाहिजे. तरीही त्यांच्या खोल्या पुरत नाहीत, आणि परळच्या पदपथावर ताडपत्रीखाली झोपलेली कुटुंबे बारमाही दिसतात.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मुंबई महापालिका लाखो लोकांसाठी मंडप, पाणी, शौचालये आणि दिवाबत्ती उभी करते. तात्पुरता निवारा उभारण्याची शक्ती आणि अनुभव त्या यंत्रणेपाशी आहे, याचा हा दरवर्षीचा पुरावा आहे. परळपासून पायी जाता येईल अशा जागी, रुग्णाचा कागद पाहून पलंग देणारी, नाममात्र भाड्याची एक वास्तू कायमची चालवायला तिला काय अडचण आहे, हे महापालिकेने एकदा सभागृहात सांगावे. गिरण्यांच्या जमिनींवर मनोऱ्यांना परवानग्या देताना असल्या वास्तूसाठी किती जागा राखली आणि त्यातली किती प्रत्यक्ष ताब्यात आली, याचा तपशीलही त्याच उत्तरात यावा.